नजरचुकीने झालेली नोंद

डॉक्टर हो, असं मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर बहुधा झालेच नसते, इतकी मी त्या वयात उलट्या खोपडीची होते. झालं असं की परळच्या आमच्या चाळीतल्या बायका आजारी पडल्या की मला सोबत घेऊन जायच्या. इस्पितळ हाकेच्या अंतरावर, पण आत डॉक्टर पुरुष. त्याच्यापुढे आपलं दुखणं सांगायचं म्हणजे या बायकांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग त्या वाटेत तोंडाला पदर लावून मला सगळं सांगायच्या, आणि मी दहा-अकरा वर्षांची कार्टी डॉक्टरपुढे उभी राहून ते धडाधडा बोलून टाकायची. कुठे दुखतं, किती दिवसांपासून, अंगावरून किती जातं, सगळं. डॉक्टर आधी हसायचे, मग लिहायला लागायचे.

शेजारच्या खोलीतली मावशी एकदा एकटीच गेली, कारण माझी सहामाही होती. डॉक्टरांनी विचारलं काय होतंय, तर ही बया म्हणाली, डोकं दुखतं. डोक्याची गोळी घेऊन परत आली. हिवाळा संपायच्या आत गेली. पोटात केवढी तरी गाठ होती म्हणे. तिला पोचवून आल्यावर मी आईला सांगितलं, मी डॉक्टर होणार. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "हो, हो. आधी नळाला नंबर लाव."

माझे वडील, आबा, गिरणीत सूत कातायच्या रिंग खात्यात होते. आमच्या लोकांना साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, घेत नसत. तिथे धोट्यातला दोरा तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि आमच्या तोंडाचा धोटा दुसऱ्यांनी तोंडाला कसा लावायचा! आबा हे अगदी शांतपणे सांगायचे, मला मात्र ऐकून तळपायाची आग मस्तकात जायची. आबांचा स्वभावच तो. आवाज चढवायचा नाही, पण एकदा ठरवलं की ठरवलं. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले ते असेच. जाताना एक धोतर आणि बरोबर बांधलेल्या भाकऱ्या, एवढंच. परत आले ते वेगळेच कुणीतरी. आईनं देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले आणि वरळीच्या समुद्रात नेऊन सोडले. परत आल्यावर दोन दिवस जेवली नाही.

आणि मग आबांनी ते केलं, ज्याच्यासाठी चाळीनं त्यांना खांद्यावर घेतलं. चाळीतल्या सगळ्या शाळकरी पोरापोरींची यादी केली, बायाबापड्यांना घेऊन शाळेत गेले आणि हेडमास्तरांना म्हणाले, रजिस्टरात आमच्या मुलांच्या नावापुढे जुनी जात आहे ती खोडा आणि धर्म बौद्ध लिहा. त्या जुन्या जातीचं नाव मी इथे लिहिणार नाही. तुम्हांला ठाऊक आहे. हेडमास्तर भला माणूस होता. म्हणाला, "अहो, इतकी घाई कशाला? सरकारचं काय ठरतंय ते तर बघा." आबा म्हणाले, "सर, आमच्या कैक पिढ्या थांबून थांबून मेल्या. आता नाही थांबत." लाल शाईनं खोडाखोड झाली. माझी मॅट्रिकची परीक्षा तोंडावर आली होती. माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर स्वच्छ अक्षरात बौद्ध असं आलं, तेव्हा मी तो दाखला अख्ख्या चाळीला दाखवत फिरले. आबांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या वेळी आमच्यातल्या कुणाच्याही डोक्यात आलं नाही की आपण हे काय करून बसलोय.

ते कळलं दोन वर्षांनी. मी इंटर सायन्स झाले. बरे मार्क पडले, पण बरेच, फार चांगले नव्हेत. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं, खाली संयुक्त महाराष्ट्राची सभा नाही असा आठवडा जायचा नाही, आणि मी जिन्याखाली बसून बेडकाचं हृदय पाठ करतेय! तरी मला काळजी नव्हती. मेडिकल कॉलेजात मागासवर्गीयांच्या राखीव जागा होत्या आणि त्या जागांच्या मानानं माझे मार्क भरपूर होते. मी अर्ज दिला आणि डॉक्टर झाल्याच्या थाटात चाळीत वावरायला लागले. आई म्हणायची सुद्धा, "जमिनीवर चाल बाई."

अर्जाची मुदत संपायच्या आदल्या दिवशी कॉलेजातून निरोप आला. गेले. खिडकीमागे एक वयस्कर कारकून होता. माझा दाखला हातात धरून म्हणाला, "बाई, तुम्ही राखीव जागेसाठी अर्ज केलाय. पण तुमचा धर्म बौद्ध. बौद्ध त्या यादीत बसत नाहीत."

"म्हणजे?"

"यादी हिंदूंमधल्या जातींची आहे. धर्म बदलला की यादीतून बाहेर. तुम्ही आता खुल्या जागांत. आणि तिथे या मार्कांना..." त्यानं दाखला माझ्यापुढे सरकवला.

माझ्या तोंडचं पाणी पळालं, पण तोंड काही बंद होईना. मी म्हणाले, "म्हणजे दसऱ्याच्या दिवशी सकाळी आम्ही मागासलेले होतो आणि संध्याकाळी पुढारलो, असं का? माझ्या बापाला अजून साच्यावर हात लावू देत नाहीत ते? त्यांना जाऊन सांगा की आम्ही पुढारलो म्हणून!"

मागे रांगेत उभी असलेली मुलं हसली. कारकून हसला नाही. त्यानं मला बाजूला बोलावलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "माझ्यावर चिडून काय उपयोग? ऐका. वडिलांकडून एक प्रतिज्ञापत्र करून आणा. शाळेतली नोंद नजरचुकीने झाली, आम्ही धर्मांतर केलेलं नाही, म्हणून. जे.पी.ची सही-शिक्का हवा. वडिलांना जातीनं हजर राहावं लागेल. उद्या चारच्या आत माझ्या हातात द्या. चारनंतर देव आला तरी मी घेणार नाही."

मी घरी आले ती रडतच. आबा पहिल्या पाळीवरून आले होते, चहा पीत होते. मी एका दमात सगळं सांगितलं. आबांनी कप खाली ठेवला.

"दुसरं काही करता येणार नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"नर्सचं शिक्षण? शिक्षिका?"

"मला डॉक्टर व्हायचंय. मला दुसरं काही व्हायचं नाही, आबा!"

"अगं, नजरचुकीने कसं म्हणू? मी चार लोकांना घेऊन गेलो होतो. सगळ्या चाळीच्या पोरांचं मी करून घेतलंय."

तिथे माझा तोल सुटला. आज इतकी वर्षं झाली, पण ते शब्द आठवले की माझं मलाच थोबाडून घ्यावंसं वाटतं. मी म्हणाले, "तुमचा धर्म तुम्हांला लखलाभ! तुम्हांला खांद्यावर बसून मिरवायचं होतं, मिरवलंत. त्यात माझा गळा का कापलात? तुमच्यासाठी मी नाही मरणार त्या मावशीसारखी, डोकं दुखतं, डोकं दुखतं म्हणत!" ह्याला काही अर्थ होता का? काडीचाही नव्हता. पण माझ्या जिवाचं पाणी पाणी होत होतं आणि समोर तेवढा एकच माणूस होता, ज्याला मी काहीही बोलू शकत होते.

आई उठून माझ्या समोर आली. मला वाटलं, आता देते एक ठेवून. तिनं हात उचलला नाही. म्हणाली, "त्यापेक्षा त्यांना विष दे की गं. सोपं जाईल."

मी पालथी पडून रडत राहिले. बाहेर गॅलरीत लोक घुटमळायला लागले होते. चाळीत रडणं लपत नाही. बऱ्याच वेळानं आबांचा आवाज आला.

"सकाळी किती वाजता निघायचं?"

जे.पी. म्हणजे सरकारनं कागदांवर सही-शिक्का करायचा अधिकार दिलेला प्रतिष्ठित गृहस्थ. कारकुनानं सांगितलेले हे गृहस्थ गिरगावात राहायचे आणि सकाळी बारापर्यंतच भेटायचे. आम्ही आठला निघालो. ट्राममध्ये बसलो आणि लालबागला ट्राम उभी राहिली ती राहिलीच. पुढे मोर्चा. रस्ता माणसांनी फुललेला, झेंडे, डफ, गिरण्यांतून थेट बाहेर आलेले लोक, केसांत अजून कापूस. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!' हीच घोषणा मी आदल्या वर्षी घसा फुटेस्तोवर दिली होती. त्या दिवशी मी मनातल्या मनात त्या सगळ्यांना शिव्या घातल्या. म्हटलं, तुमचा महाराष्ट्र एक दिवस थांबला तर काय बिघडेल? आजच कसं काय सुचलं तुम्हांला!

आम्ही उतरून चालायला लागलो. मोर्च्यातल्या लोकांनी आबांना ओळखलं. समितीच्या कामात ते होतेच, एकदा लाठी खाऊन आले होते. "या हो, या! इकडे कुठे कडेकडेनं?" कुणीतरी हाक मारली. आबांनी नुसता हात वर केला आणि मान खाली घालून चालत राहिले. मी पुढे, ते मागे. मी दर दहा पावलांवर मागे वळून "चला ना आबा, चला ना" करत होते. भायखळ्याच्या पुढे त्यांना धाप लागली. एका दुकानाच्या पायरीवर बसले. मी त्यांना बसू दिलं नाही. पाच मिनिटंसुद्धा नाही.

पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. कागद आधी कोपऱ्यावरच्या टंकलेखकाकडून टाइप करून घेतला. तो मराठीतून मजकूर वाचून दाखवायला लागला, तसं आबा रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिले.

जे.पी. फार सज्जन निघाले. तेच तर वाईट झालं. एखादा खेकसणारा असता तर आबांना सोपं गेलं असतं. त्यांनी आबांना खुर्चीवर बसवलं, आतून पाणी मागवलं, मला विचारलं कोणता विषय आवडतो. मग चष्मा लावून कागद मोठ्यानं वाचला. "'माझ्या मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर धर्म बौद्ध अशी नोंद नजरचुकीने झालेली आहे. मी अथवा माझ्या कुटुंबाने धर्मांतर केलेले नाही.' बरोबर आहे?"

आबांनी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"हे बघा," ते अगदी हळुवारपणे म्हणाले, "मी वर्तमानपत्र वाचतो. मला सगळं समजतं. पण मला तुमच्या तोंडून ऐकावं लागतं. शपथेवर. म्हणा, मी ईश्वरसाक्ष सांगतो की..."

दीक्षा घेताना आबांनी ज्या प्रतिज्ञा घेतल्या होत्या, त्यांत पहिल्याच काही प्रतिज्ञा देव मानणार नाही अशा होत्या. त्या त्यांना तोंडपाठ होत्या, मलाही होत्या. चाळीत त्यांनीच शिकवल्या होत्या सगळ्यांना. आता ते खुर्चीवरून उठले, हात जोडल्यासारखे समोर धरले आणि म्हणाले, "मी..." पुढे शब्द येईना. पुन्हा म्हणाले, "मी..."

भिंतीवरच्या घड्याळात बाराला दहा कमी होते. आणि मी, ज्या माणसानं मला खांद्यावरून शाळेत नेलं त्याची लेक, त्यांच्या दंडाला चिमटा काढून म्हणाले, "आबा, बोला ना. वेळ जातोय!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "मी ईश्वरसाक्ष सांगतो," म्हणाले, आणि पुढचं सगळं न अडखळता म्हणून टाकलं. शेवटी जे.पीं.नी विचारलं, "जात?" आबांनी ते जुनं नाव घेतलं. पुटपुटले नाहीत. इतकं स्पष्ट घेतलं की आतल्या घरातला भांड्यांचा आवाज थांबला. सही केली. शिक्का बसला. जे.पी. म्हणाले, "मुलगी नाव काढेल हो तुमचं." आबांनी त्यांना नमस्कार केला आणि बाहेर आले.

साडेतीनला तो कागद कारकुनाच्या हातात पडला. पुढच्या आठवड्यात यादी लागली, तिच्यात माझं नाव होतं. चाळीनं बर्फी वाटली. आपली पोर डॉक्टर होणार! कुणाला काही माहीत नव्हतं. आईनं मला ओवाळलं, पण तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. मला मात्र आनंद झाला होता. खोटं कशाला बोलू? मी रस्त्यानं उड्या मारत चालले होते.

रविवारी सकाळी चाळीच्या कमिटीच्या खोलीत वंदना व्हायची. आबा पुढे बसून एकेक ओळ सांगायचे आणि मागून सगळी खोली म्हणायची. त्यांचे पालीचे उच्चार सगळ्यांत चांगले, म्हणून तो मान त्यांचा. त्या रविवारी त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. हिंसा करणार नाही, झालं. चोरी करणार नाही, झालं. तिसरं झालं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. आबांनी तोंड उघडलं आणि ओळ बाहेरच आली नाही. खोली वाट बघत राहिली. लहान पोरांनी आपापसात कुजबुज सुरू केली. एका पोरीला ओळ पाठ होती, तिनं मोठ्यानं सांगितली, तिला वाटलं आबा विसरले.

आबा उठून लोकांकडे तोंड करून उभे राहिले आणि सगळं सांगितलं. गिरगावात गेलो, काय म्हणालो, कशाच्या शपथेवर म्हणालो. माझ्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. "मी केलं," एवढंच म्हणत राहिले. एक म्हातारे म्हणाले, "लेकरासाठी केलंस बाबा. चालतं." आबा म्हणाले, "नाही चालत. मी तुमच्या पोरांचं करून घेतलं आणि माझ्या पोरीचं परत फिरवलं. हे नाही चालत." मग ते मागे जाऊन दरवाज्याजवळ बसले. पुढच्या रविवारपासून दुसऱ्या कुणीतरी ओळी सांगायला सुरुवात केली. आबा यायचे, मागेच बसायचे, आणि चौथ्या शीलाला त्यांचे ओठ हलायचे नाहीत. मी बघायची. पुढे पुढे मी रविवारी अभ्यासाचं निमित्त करून जायचंच सोडलं.

त्या दिवशी घरी आल्यावर मी त्यांच्यावरच डाफरले होते, हेही सांगून टाकते. "कशाला चारचौघांत सांगितलंत? उद्या कॉलेजात कुणी चहाडी केली तर? मला काढून टाकतील!" आबा म्हणाले, "चाळीतलं कुणी नाही करायचं." आणि खरंच कुणी केली नाही. त्या चाळीत पन्नास भांडणं होती, पण हे एकाही तोंडातून बाहेर गेलं नाही.

पुढच्या वर्षी महाराष्ट्र झाला. मुंबईसह झाला. लालबाग-परळला लोक वेडे झाले होते, गुलालानं रस्ते लाल. आबासुद्धा नाचले. मी त्यांना त्याआधी नाचताना कधी पाहिलं नव्हतं. आणि नव्या राज्याला फार दिवस झाले नसतील, तोच वर्तमानपत्रात आलं, बौद्धांनाही आता त्या सवलती मिळणार. धर्म बौद्ध लिहा आणि घ्या. काही नाकारायला नको, शपथ नको, जे.पी. नको. मी कॉलेजातून आले तर आबा खोलीत कंदिलाच्या उजेडात पेटीवर कागद ठेवून बसले होते आणि दारात चाळीतली पोरं-पोरी, त्यांचे बाप, सगळ्यांच्या हातात फॉर्म. आबांचं अक्षर चांगलं, म्हणून सगळे त्यांच्याकडे आले होते. ते एकेक फॉर्म घेत होते. धर्माच्या रकान्यात आले की दौतीत टाक बुडवून सावकाश लिहीत होते, बौद्ध, आणि वाळेपर्यंत त्यावर फुंकर मारत होते.

मी चपला काढून बाजूला बसले. त्यांनी मान वर न करता विचारलं, "तुझ्या कॉलेजात ते बदलून मिळेल का गं? आता बदललं तर?"

माझी परीक्षा पंधरा दिवसांवर होती. माझ्या डोळ्यांसमोर तो कारकून आला, त्याच्या फायलीतला तो शिक्क्याचा कागद आला, खोटं प्रतिज्ञापत्र म्हणून कुणी उकरून काढलं तर काय, ते आलं. सगळे माझ्याकडे बघत होते.

"नको, आबा," मी म्हणाले. "राहू द्या ते तसंच."

"बरं," ते म्हणाले, आणि पुढच्या पोराचा फॉर्म हातात घेतला.